घरावरचं वेदर स्टेशन: पाच पावसाळे वापरून मग लिहितोय

आधीच सांगून टाकतो, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. वॉरंटीवरून आमचं जे काय झालं ते मी फक्त माझ्या बाजूने सांगणार, त्यांची बाजू सांगायला इथे कोणी नाही, म्हणून नाव नको. तसंही या किमतीतली सगळी वेदर स्टेशनं, म्हणजे घरच्या घरी हवामान मोजायची यंत्रं, लांबून एकसारखीच दिसतात. पांढरा प्लास्टिकचा सांगाडा, वर गरगर फिरणाऱ्या तीन वाट्या, दिशा दाखवणारी एक शेपटी, बाजूला पावसाचं फनेल, वरती बिस्किटाएवढी सोलर पट्टी आणि घरात ठेवायला एक डिस्प्ले. मार्च २०२१ मध्ये ऑनलाइन मागवलं, बावीस हजारांना पडलं. घरी सांगताना बारा सांगितले होते, पुढे खरं कळलं, तो विषय वेगळा.

लोक डबा उघडून दोन दिवसांत पाच स्टार देतात, पण वेदर स्टेशनचा रिव्ह्यू दोन दिवसांत होतच नाही, त्याला किमान एक पावसाळा आणि एखादं वादळ लागतं. माझे पाच पावसाळे झाले.

घर गोव्यात, पेडणे तालुक्यात, समुद्र सरळ रेषेत अडीच किलोमीटर असेल. पुढच्या भागाला मंगळोरी कौलं, मागच्या खोल्यांवर स्लॅब, आणि तिन्ही बाजूंनी माड. हे माड लक्षात ठेवा, पुढे वाऱ्याच्या हिशोबात येणार आहेत. पुस्तकात लिहिलंय वारा मोजायचा तर जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजा आणि जवळपास झाड-घर काही असेल तर त्याच्या उंचीच्या किमान दहापट लांब राहा. आता पंधरा मीटरच्या माडापासून दीडशे मीटर लांब जायचं म्हणजे मी शेजारच्या भाटात, म्हणजे दुसऱ्याच्या माडांच्या बागेत जाऊन पोचतो, भाटकार म्हणजे तिचा मालक काय म्हणेल. शेवटी स्लॅबवर जीआयचा दोन इंची पाईप उभा केला, जमिनीपासून सगळं मिळून सात मीटर. वेल्डर दोन वेळा येतो म्हणाला आणि मे महिन्यात कोरोनाचा कर्फ्यू लागला, मग पाईप मी स्वतःच टाकीच्या कठड्याला यू-क्लॅम्पने आवळला, वर नायलॉनच्या दोरीने बांधला. शेजारचे काका, आयुष्यभर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून मासेमारीचं मोठं जाळं ओढलेला माणूस, खालून बघत होते. म्हणाले, "पावस मेजून कितें मेळटा रे तुका?" तेव्हा काही उत्तर सुचलं नाही.

पाईप उभा करून आठवडा नाही झाला आणि तौक्ते वादळ आलं. पेपरवाले तौक्ते लिहायचे, टीव्हीवाले ताउते म्हणायचे, म्यानमारने दिलेलं नाव, अर्थ काय तर पाल. १४ मेला लक्षद्वीपच्या बाजूला तयार झालं आणि किनाऱ्याला धरून उत्तरेकडे सरकत गेलं, १५ च्या रात्री आणि १६ च्या पहाटे आमच्या पश्चिमेला, दीडशे किलोमीटरच्या आत.

या मशीनमधला सगळ्यात भारी भाग कुठला, तर तो बाहेर नाहीच, घरातल्या डिस्प्लेच्या पोटात असलेला बॅरोमीटर. हवेचा दाब. याला ना माड आड येतात ना कौलं, घरात ठेवला तरी बाहेरचाच दाब दाखवतो. फक्त एक गोष्ट आधी माहीत पाहिजे जी मॅन्युअलमध्ये कुठेच नाहीये, आणि मी पहिले पंधरा दिवस त्यापायी वेडा झालो होतो. आपल्याकडे दाब रोज दोन वेळा वर जातो आणि दोन वेळा खाली येतो, सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमाराला वर, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमाराला खाली, आणि हा फरक दोन-तीन हेक्टोपास्कल (दाब मोजायचं एकक, डिस्प्लेवरचा पॉइंट) सहज असतो. आभाळ कोरडं ठणठणीत असलं तरी. डिस्प्ले मात्र रोज दुपारी ढगाचं चित्र दाखवून पाऊस येणार म्हणून सांगतो. एप्रिलमध्ये चार वेळा मी आईला वाळवणं आत घ्यायला लावली, पाचव्यांदा तिने ऐकलं नाही आणि बरोबरच केलं. तेव्हा ते ढग-सूर्याचं चित्र पट्टी चिकटवून झाकून टाका, आत्ताचा आकडा कालच्या याच वेळच्या आकड्याशी ताडून बघा. तोच खरा फरक.

तर तौक्तेच्या त्या रात्री दाबाची रोजची भरती-ओहोटी कुठल्या कुठे गेली. रात्री दहाला दाब वर जायला पाहिजे होता, तो गेलाच नाही, खाली खालीच. पहाटेपर्यंत आदल्या दिवसापेक्षा नऊ-दहा पॉइंट उतरला होता. दिशा दाखवणारी शेपटी संध्याकाळी आग्नेयेकडे तोंड करून होती, रात्री उशिरा दक्षिणेकडे वळली, दिवस वर आला तशी नैऋत्येकडे. आपल्या गोलार्धात वादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो, त्यामुळे वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाब आपल्या डाव्या हाताला येतो, एका डच माणसाने दीडशे-एक वर्षांपूर्वी मांडलेला नियम. मी काळोखात हॉलमध्ये उभा राहून डिस्प्लेवरचा बाण बघत पाठ फिरवत होतो आणि डावा हात लांब करत होतो, संध्याकाळी हात वेंगुर्ल्याच्या नाही तर पार दक्षिणेकडच्या समुद्रावर जायचा, पहाटे सरळ पश्चिमेला, मग वायव्येला. वादळ खिडकीबाहेरून चालत जातंय आणि आपण बोट दाखवून सांगू शकतोय, हे टीव्हीवरच्या गोल फिरणाऱ्या चित्रात कळत नाही हो. बायको टॉर्च घेऊन बाहेर आली, मला हात पसरून उभा बघून काही न बोलता परत आत गेली.

आमच्या दक्षिणेला काणकोणला एक मित्र आहे आणि उत्तरेला मालवणला एक, दोघांकडे साधे बॅरोमीटर. फोन लागत होता तोवर आकडे सांगत होतो एकमेकांना. सगळ्यात खालचा आकडा आधी काणकोणला आला, मग आमच्याकडे, मग मालवणला, मध्ये काही तासांचं अंतर. एखादी बस स्टॉप घेत घेत जावी तसं. बावीस हजारातले दहा हजार माझे त्या एका रात्रीत वसूल झाले म्हणतो मी.

बाकीच्या बारा हजारांचं काय झालं ते आता ऐका. पहाटे लाईट गेली ती तीन दिवस आली नाही, गोव्यात त्या वेळी जिकडे तिकडे झाडं आणि खांब पडले होते, त्यामुळे लाईटवाल्यांना दोष नाही. पण लाईट गेली की राउटर गेला, राउटर गेला की डेटा गेला. डिस्प्ले बॅटरीवर चालू राहतो, आकडे दाखवतो, पण साठवून ठेवत नाही! हे मला त्या दिवशी कळलं. ग्राफमध्ये १६ मेच्या पहाटेपासून एक सरळ पांढरी पट्टी आहे, आणि जे काही आहे ते वहीत पेन्सिलने लिहिलेलं. म्हणजे ज्या दिवसासाठी माणूस हे मशीन घेतो नेमक्या त्या दिवशी ते पाटी कोरी ठेवतं. याच्यावर उपाय सोपा आहे, राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, दीड-दोन हजारांत, तो पहिल्या दिवशीच घ्या, वेदर स्टेशनच्या किमतीत धरूनच घ्या. टॉवर बंद पडला तर तोही कामाचा नाही, पण ते आपल्या हातात नाही.

आणि सकाळी वर गेलो तर तीन वाट्यांतल्या दोन गायब. एक माडाखाली मिळाली. दुसरी अजून शोधतोय.

मग कस्टमर केअर. पहिला प्रश्न, "सर, प्रॉडक्ट बाहेर ठेवलं होतं का?" मी म्हटलं हो, वारा बाहेर असतो. "सर, वारा जास्त होता का?" म्हटलं वादळ होतं, टीव्हीवर दाखवत होते. "सर, नॅचरल कॅलॅमिटी वॉरंटीत येत नाही." आता वारा मोजायचं यंत्र वाऱ्याने मोडलं तर ते नैसर्गिक आपत्तीत, आणि वारा नसताना मोडलं तर म्हणणार तुम्ही पाडलं. दोन महिने ईमेल केले, फोटो पाठवले, शेवटी वाट्यांचा सेट अठराशेला विकत घेतला, कुरियर वेगळं. डब्यावर मात्र मोठ्या अक्षरात छापलंय की ताशी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर वारा मोजू शकतं. मोजू शकतं हो, एकदाच.

आता पाऊस, कारण पावसासाठीच बहुतेक लोक हे घेतात. फनेलच्या खाली एक छोटा झोपाळा असतो, दोन खणांचा. एका खणात ०.२ मिमी पावसाएवढं पाणी जमलं की तो टक् करून पलटतो, दुसरा खण भरायला लागतो, आणि मशीन त्या टक्-टक् मोजतं. रिमझिम पडणाऱ्या पावसाला हे उत्तम. पण आमचा पाऊस काय तसा पडतो? खण पलटताना जो क्षण जातो त्यात वरून पडणारं पाणी हिशोबात येत नाही, जेवढा पाऊस जोरात तेवढी चोरी जास्त. मला हा संशय पहिल्या जूनपासून होता, कारण अंगणात बादली जी गोष्ट सांगायची ती डिस्प्ले सांगायचा नाही.

मग एका रविवारी बसून तपासलं. फनेलचा व्यास ११ सेंटीमीटर, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ साधारण ९५ चौरस सेंटीमीटर, त्यात ५०० मिली पाणी घातलं तर ५२.६ मिमी पाऊस दिसायला पाहिजे. ओळखीच्या मेडिकलमधून सलाईनची रिकामी बाटली आणि नळी आणली, नळाचं पाणी भरलं, पाईपला उलटी टांगली आणि चाक फिरवून थेंब-थेंब सोडलं, तासाभरात सगळी बाटली. खालून बघणाऱ्याला वाटावं मशीन आजारी आहे. आकडा आला ४७.८. दुसऱ्यांदा चाक पूर्ण उघडून पंधरा मिनिटांत बाटली रिकामी केली, आकडा ४२.६. म्हणजे हळू पावसात दहा टक्क्यांच्या आसपास कमी आणि धो-धो पावसात त्याच्या दुप्पट. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये पाऊस कितीने गुणायचा ते टाकता येतं, तिथे १.१० टाकलं, आता रोजचा पाऊस बरा येतो, मुसळधार कोसळला की अजूनही चोरतो. हे तुम्ही घरी नक्की करा, एक सकाळ जाते पण पुढे पाच वर्षं शांती.

आणि एक चारशे रुपयांची साधी प्लास्टिकची पर्जन्यमापक नळी घ्या. हे मी वेदर स्टेशनच्या रिव्ह्यूमध्ये लिहितोय हे मला कळतंय. पण नळीला बॅटरी नाही, वायफाय नाही, झोपाळा नाही, पडलेलं सगळं पाणी आत आणि सकाळी छत्री घेऊन जाऊन डोळ्याने वाचायचं. आयएमडीचं, म्हणजे भारतीय हवामान खात्याचं, जुनं सायमन्सचं मापक काय वेगळं आहे, पाच इंच तोंडाचं भांडं, काठ जमिनीपासून ३० सेंटीमीटर, आणि आत बाटली. जमिनीलगत ठेवतात ते उगाच नाही, उंचावर वारा फनेलवरून पाऊस उडवून नेतो. माझं फनेल सात मीटरवर वाऱ्यात बसलंय आणि नळी खाली अंगणात, तुळशीपासून चार पावलांवर, मग वाऱ्याच्या दिवशी कोण जास्त दाखवणार? नळीच. दर वेळी.

पालीची गोष्ट राहिली. जुलै २०२२, रात्रभर पत्र्यावर ढोल वाजत होते आणि डिस्प्लेवर पाऊस ०.०. सकाळी स्क्रू काढून फनेल उचललं तर आत झोपाळ्यावर एक पाल ऐसपैस, शेपटी एका खणात, आणि कोपऱ्यात पेपरमिंटच्या गोळ्यांसारखी दोन पांढरी अंडी. वादळाचं नाव पाल म्हणून आलं तेव्हा वाट्या गेल्या, आता खरी पाल आली तर पाऊसच बंद. आई खालून ओरडली अंडी फोडू नको. कागदावर घेऊन सोडणात, म्हणजे नारळाच्या सालात ठेवली, पाल स्वतःहून गेली. त्यानंतर खालच्या भोकांना मच्छरदाणीची जाळी लावली, ती मात्र दर पंधरा दिवसांनी साफ करावी लागते नाहीतर पाणी आतच तुंबतं. फनेलमध्ये माडाचा फुलोरा, चिमणीची घाण, एकदा तर काजूचं अख्खं पान चपखल बसलेलं. ज्याला शिडी चढायचा कंटाळा आहे त्याने हे मशीन घेऊ नये.

एक वाद नेहमी होतो तोही मिटवून टाकतो. लोक म्हणतात तुझं स्टेशन चुकीचं, पणजीत काल इतका पाऊस झाला असं वेधशाळा सांगते आणि तू निम्मा सांगतोस. अरे बाबांनो, आल्तिन्योवरच्या वेधशाळेचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो, तुमच्या अ‍ॅपचा दिवस रात्री बाराला. रात्री दोनला कोसळलेला पाऊस त्यांच्या हिशोबात काल साडेआठला सुरू झालेल्या दिवसाचा, अ‍ॅपच्या हिशोबात आजचा. ६४.५ मिमीला जोरदार, ११५.६ ला अति जोरदार आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत जोरदार, ही जी मापं आहेत ती त्या साडेआठ ते साडेआठच्या चोवीस तासांची. म्हणून नळी साडेआठलाच वाचायची, आंघोळ मग. माझ्या स्टेशनवर दिवस साडेआठला सुरू करायची सोय नाही, सॉफ्टवेअर करणाऱ्याने हा विचारच केला नसणार, सुरुवातीला तर पाऊस इंचात आणि वारा मैलात दाखवत होतं.

मे २०२५. हा प्रसंग यासाठी सांगतो की वादळ मोठंच पाहिजे असं नाही. आपल्या किनाऱ्यासमोर कमी दाब तयार झाला, २४ तारखेला डिप्रेशन झाला आणि त्याच दिवशी दुपारच्या सुमाराला रत्नागिरी-दापोलीच्या बाजूला किनारा ओलांडला. डिप्रेशन म्हणजे ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वारा, नाव मिळायला ६२ लागतात, म्हणून याला नावसुद्धा नव्हतं. पण पाऊस बघितलात ना! आणि त्याच २४ तारखेला मान्सून केरळात, २००९ नंतर इतका लवकर पहिल्यांदाच, लगोलग गोव्यातही. मिरग लागायला अजून चौदा-पंधरा दिवस. सगळ्यांची सोलां, म्हणजे वाळत घातलेली कोकमं, अंगणात, आंब्याची साठं ताटात, कौलं परतायची बाकी.

त्या आठवड्यात मशीनने मला खरा हात दिला. कालच्या याच वेळेपेक्षा दाब कमी, परवापेक्षा अजून कमी, वारा दक्षिणेकडून, आणि दुपारी दहा मिनिटांच्या सरीत पावसाचा वेग ताशी शंभर मिमीच्या वर. हा वेगाचा आकडा म्हणजे त्या दहा मिनिटांचा जोर, तासाला शंभर पडला असं नाही, यावरून पण लोक भांडतात. मी आईला सांगितलं सोलां आत घे, आणि हे चार-पाच दिवस बाहेर काढू नको. एप्रिल २०२१ नंतर पहिल्यांदा तिने प्रश्न न विचारता ऐकलं. चुलीवरच्या माळ्यावर पसरली, जरा धुराचा वास लागला पण बुरशी नाही आली. शेजारच्या काकांच्या घरची अर्धी गेली. त्या दिवशी काका स्वतःहून कुंपणापाशी आले आणि विचारलं, "आज कितें म्हणटा तुजें मशीन?" चार वर्षं थांबलो होतो या वाक्यासाठी.

वाऱ्याच्या आकड्याबद्दल मात्र खोटं बोलणार नाही, तो कामाचा नाही. माझ्याकडे सगळ्यात मोठा झोत दाखवलाय ताशी ४६ किलोमीटर, त्याच दिवशी गल्लीच्या तोंडावरच्या गाड्याचा पत्रा उडून रस्त्यापलीकडे गेला होता. ते ४६ म्हणजे आमच्या माडांच्या आडोशाचा वारा, समुद्रावरचा नाही. वर आयएमडी वाऱ्याचा वेग सांगते तो तीन मिनिटांची सरासरी, आपलं स्टेशन सांगतं तो काही सेकंदांचा झोत, दोन्ही आकडे शेजारी ठेवून वेधशाळेला शिव्या घालायचा प्रकार बंद करा. मोकळ्या पठारावर घर असेल, किंवा किनाऱ्यावर तिसरा मजला, तर गोष्ट वेगळी. आमच्यासारख्या कुळागरात, म्हणजे माडांच्या बागायतीत, वारा बघायचा तर फक्त दिशा बघा, ती पण माडांमुळे हेलकावे खाते, अर्ध्या तासाची सरासरी धरा. आणि खारी हवा विसरू नका. दोन वर्षांत वाट्यांचं बेअरिंग इतकं जड झालं की झुळूक आली तरी हलायचं नाही, मंद वारा सगळा शून्य. म्हापशात बेअरिंगच्या दुकानात जुनं नेऊन दाखवलं, त्याने खणातून तसलंच छोटंसं काढून दिलं, दीडशे रुपयांत. तेल घालू नका, मी घातलं होतं, धूळ बसून लापशी झाली.

तापमान-आर्द्रता, एका दमात सांगतो. जून ते सप्टेंबर आर्द्रता ९९, त्यासाठी मशीन कशाला. मे महिन्यात दुपारी ४१ दाखवतं ते गोव्याचं नाही, माझ्या तापलेल्या स्लॅबचं. यूव्हीचा, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा आकडा शोभेला. सोलर पट्टी जुलैत सूर्य पंधरा दिवस न दिसल्यावर हात टेकते आणि आतले सेल ऐन पावसात संपतात, म्हणून ३० मेच्या आसपास नवे सेल घालायचेच, चांगले घाला, दहाचे दोन वाले नकोत.

मोबाईलवर सगळं फुकट दिसतं मग हे कशाला, असं विचारणारे असतात. विंडी अ‍ॅपवर वाऱ्या-पावसाचं जे रंगीत वाहतं ते कॉम्प्युटर मॉडेलचं गणित आहे, तुमच्या अंगणातला पाऊस नाही. युरोपचं मॉडेल एक सांगतं, अमेरिकेचं दुसरं, आणि तिसऱ्या दिवसाच्या पुढे दोघांवर पैज लावू नये. पणजीच्या डॉप्लर रडारचं चित्र मात्र मी दर पावसाळ्यात रोज बघतो, ढग कुठून येतोय आणि आपल्याकडे यायला किती वेळ आहे ते त्याच्याइतकं कोणी सांगत नाही. विजांच्या इशाऱ्यासाठी दामिनी अ‍ॅप. रडार सांगतं काय येतंय, माझं मशीन सांगतं काय आलं, आणि नळी सांगते नक्की किती. तिघं मिळून एक माणूस होतो.

समुद्राचं मात्र यातलं कोणी सांगत नाही. ओखी वादळाच्या वेळी, डिसेंबर २०१७, वादळ आपल्यापासून लांब समुद्रात होतं, घराजवळ पान हललं नव्हतं म्हणावं इतका वारा, आणि त्यात पौर्णिमेची भरती, मोरजी-केरीच्या बाजूला पाणी शॅकमध्ये, म्हणजे वाळूवरच्या खानावळींत घुसून खाटा-टेबलं ओढून घेऊन गेलं. तेव्हा माझ्याकडे मशीन नव्हतं, पण असतं तरी ते काही बोललं नसतं. किनाऱ्यावर धंदा असेल तर इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा इशारा बघा, बॅरोमीटरवर बसू नका.

मग घ्यावं की नाही. दाबाला पाच स्टार. वाऱ्याच्या दिशेला चार. पावसाला तीन, सलाईनची बाटली वापरलीत तर चार. वाऱ्याच्या वेगाला एक, तोही वाट्या दिसायला छान म्हणून. कस्टमर केअरला द्यायला काही उरलं नाही. पैसे जपून वापरायचे असतील तर चारशेची नळी आणि दोन-अडीच हजाराचा साधा डिजिटल बॅरोमीटर घ्या, माझ्या हिशोबाने सत्तर टक्के मजा तिथेच आहे. हातात पैसे असतील, शिडी चढायची हौस असेल आणि घरी खरी किंमत सांगायची हिंमत असेल तर हे घ्या, पण सोबत राउटरचा यूपीएस, मच्छरदाणीचा तुकडा, एक जास्तीचं बेअरिंग आणि साधी वही पण घ्या.

माझा पाईप आता खाली गंजलाय, यू-क्लॅम्पच्या जागी बोट दाबलं तर पापुद्रे निघतात, पुढच्या मेच्या आत बदलायला पाहिजे आणि या वेळी स्टेनलेस स्टीलचा. वेल्डर तोच आहे. रविवारी येतो म्हणालाय, हा तिसरा रविवार.